चाळीस मिनिटांनी मरणारी ओएस

मागच्या महिन्यात सलग नऊ रात्री एकच प्रकार. बोर्ड चालू करायचा, एलईडी टुकटुक करायला लागायचा, मी खुश होऊन जेवायला जायचो आणि परत येऊन बघतो तर एलईडी थिजलेला. कधी लागलेला थिजलेला, कधी विझलेला. साधारण चाळीस मिनिटं लागायची, कधी पंचवीस, आणि एकदा तर अडीच तास चालला, मला वाटलं सुटलो एकदाचा, घरी फोन करून सांगून पण टाकलं की या शनिवारी येऊन बसवतो, फोन ठेवला आणि मेला.

ही ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) म्हणजे माझीच, घरी केलेली. नाव चकली, कारण शेड्युलर (कुठल्या टास्कला, म्हणजे कामाला, आता प्रोसेसर द्यायचा ते ठरवणारा भाग) गोल गोल फिरतो आणि कुठूनही तुटू शकतो. बोर्ड आपला साधा ब्लू पिल, पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेला, एसटीएम३२एफ१०३ चिप, कॉर्टेक्स एम३, ७२ मेगाहर्ट्झ, ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम. काम काय तर साताऱ्याच्या घरी खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर चालू-बंद करायची, वरच्या टाकीत फ्लोट स्विच, मोटरच्या स्टार्टरला रिले, आणि फोनवर मेसेज यावा म्हणून यूआर्टला (एकेक बाईट पाठवणारं-घेणारं सीरियल पोर्ट) लटकवलेलं एक छोटं ईएसपी८२६६ वायफाय मॉड्यूल. यासाठी ओएस लागते का, तर अजिबात नाही लागत. दोनशे ओळींचा एक लूप पुरला असता, मला माहितीये, कमेंटमध्ये सांगू नका.

खरं कारण वेगळंय. ऑफिसात आम्ही फ्रीआरटीओएस (छोट्या चिपसाठीची तयार ओएस) वापरतो, पाचेक वर्षं झाली. त्यात एकाच कामाची दोन-दोन फंक्शन असतात, एक साधं आणि एक नावाच्या शेवटी ‘फ्रॉम आयएसआर’ लावलेलं, आणि आयएसआरमधून (इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची ‘आधी माझं बघ’ अशी हाक, आली की चालणारं फंक्शन) साधं वालं बोलवलं की वाट लागते. हे मला माहिती होतं, नियम म्हणून. मध्ये एका पोराचा इंटरव्ह्यू घेताना मी ऐटीत विचारलं की असं का असतं, तो म्हणला “सर मला नाही माहिती, का असतं?” आणि मी पाण्याचा ग्लास उचलला. त्या ग्लासाचं फळ म्हणजे चकली.

आधी हार्डवेअर काय करतं ते सांगतो कारण मला ते फार आवडतं. तुमचा टास्क मजेत चाललाय आणि इंटरप्ट आला, तर कॉर्टेक्स एम३ स्वतःहून आठ रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे) स्टॅकवर (तात्पुरत्या गोष्टी ठेवायची रॅममधली जागा) टाकतो, आर० ते आर३, आर१२, लिंक रजिस्टर, परतीचा पत्ता आणि स्टेटस, म्हणजे ३२ बाईट, आणि हे करता करताच व्हेक्टर टेबलातून आयएसआरचा पत्ता पण उचलतो, सगळं मिळून १२ सायकल. ही आठच का, तर सी मधलं कुठलंही फंक्शन नेमकी हीच रजिस्टर न विचारता खराब करू शकतं, बाकीची आर४ ते आर११ त्याने वापरली तर त्यानेच जपून परत ठेवायची असतात. त्यामुळे आयएसआर हे साधं सी फंक्शन असतं, त्याला काही खास सजवावं लागत नाही. आणि परत कसं जायचं, तर लिंक रजिस्टरमध्ये हार्डवेअर एक जादूचा आकडा ठेवून देतं, हेक्समध्ये सात एफ आणि शेवटी डी असेल तर ‘टास्कच्या स्टॅकवरून उचल आणि टास्कमध्ये जा’, शेवटी १ असेल तर ‘तू दुसऱ्या आयएसआरच्या डोक्यावर बसलायस, खाली उतर’. फंक्शन आपलं नेहमीसारखं रिटर्न करतं आणि प्रोसेसर तो आकडा बघून ओळखतो. ज्याने कोणी हे डिझाईन केलं त्याला माझ्यातर्फे एक कटिंग.

स्टॅक पण दोन असतात, टास्कचा वेगळा आणि इंटरप्टचा वेगळा. २० केबी रॅममध्ये याला फार किंमत आहे, एकावर एक चार इंटरप्ट चढले तरी प्रत्येक टास्कच्या स्टॅकमध्ये त्यासाठी जागा राखून ठेवावी लागत नाही. टास्कच्या स्टॅकवर फक्त हे ३२ बाईट आणि टास्क बदलताना मी टाकलेले आर४ ते आर११ चे अजून ३२.

आता माझे पराक्रम.

पहिली आवृत्ती लिहिली तेव्हा टास्क बदलायचं काम मी सरळ सिसटिकमध्ये (आतल्या टायमरचा ठरावीक वेळाने येणारा इंटरप्ट) टाकलं होतं. दर मिलिसेकंदाला सिसटिक येतो, तिथेच जुन्याची रजिस्टर ठेवायची, नव्याची उचलायची, चला. नुसते दोन एलईडीचे टास्क होते तोवर झकास. यूआर्टचा इंटरप्ट जोडला आणि हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसरने हात वर केले. विचार करा, यूआर्टचा आयएसआर अर्धा झालाय, सिसटिकची प्रायॉरिटी जास्त म्हणून तो त्याच्या डोक्यावर चढला, आणि तिथून मी प्रोसेसरला म्हणतोय चल आता दुसऱ्या टास्कमध्ये जाऊ, खाली यूआर्टचा आयएसआर अर्धवट लटकलेला असताना. प्रोसेसर म्हणतो असं कसं जाऊ, आणि फॉल्ट मारतो. बरोबरच आहे त्याचं.

यासाठीच पेंडएसव्ही नावाचा एक्सेप्शन (इंटरप्टसारखाच प्रकार) दिलेला असतो. तो कुठल्या पिनमुळे किंवा टायमरमुळे येत नाही, आपणच एका रजिस्टरमध्ये एक बिट लिहून त्याला सांगून ठेवायचं की बाबा सवडीने ये. त्याची प्रायॉरिटी सगळ्यात खाली ठेवायची, म्हणजे सगळे आयएसआर उरकले की मगच त्याचा नंबर लागतो, आणि त्या क्षणी खाली फक्त टास्क असतो, दुसरं कोणी लटकलेलं नसतं. टास्क बदलायचा तो इथेच. लग्नात पंगती उठल्याशिवाय पत्रावळी उचलायला जात नाहीत, तसं.

दुसरा पराक्रम सांगायला लाज वाटते. यूआर्टच्या आयएसआरमध्ये प्रिंटएफ, म्हणजे मजकूर छापणारं फंक्शन. डीबगसाठी हो, तात्पुरतं. १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एक बाईट यायला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात, आणि या चिपच्या यूआर्टला फिफो (आलेले बाईट रांगेत ठेवायची जागा) नाही, एक बाईट हातात आणि एक येतोय एवढीच जागा. मी आयएसआरमध्ये बसून चाळीस अक्षरांची ओळ छापतोय, म्हणजे साडेतीन मिलिसेकंद, तेवढ्यात समोरून जवळपास चाळीस बाईट येऊन सांडून गेले. वायफाय मॉड्यूल खराब आहे असं समजून मी दुसरं विकत आणलं. ते पण ‘खराब’ निघालं.

बरं, चाळीस मिनिटांकडे येतो.

मेल्यावर बघितलं तर एक गोष्ट विचित्र होती. यूआर्टच्या आयएसआरमध्ये मी एक पिन वर-खाली करत होतो, लॉजिक अॅनालायझरवर (पिन कधी वर-खाली झाली ते दाखवणारं यंत्र) बघायला, आणि एलईडी थिजलेला असतानासुद्धा फोनवरून काही पाठवलं की ती पिन हलत होती. म्हणजे चिप जिवंत, इंटरप्ट येतायत, आयएसआर चालतोय, फक्त टास्क सगळे गेलेले. हार्डफॉल्ट पण नाही. डीबगर (एसटी-लिंक आणि जीडीबी) लावून थांबवलं तर प्रोसेसर पेंडएसव्हीच्या आत, पुढचा टास्क शोधणाऱ्या लूपमध्ये. रेडी लिस्ट, म्हणजे चालायला तयार टास्कची यादी, ही साधी लिंक्ड लिस्ट, प्रत्येक टास्कमध्ये पुढच्याचा पॉइंटर (पत्ता), लूप शेवटपर्यंत जातो आणि सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीचा निवडतो. पॉइंटर छापून बघितला. यूआर्ट टास्कचा पुढचा कोण, तर यूआर्ट टास्क. स्वतःच. लूप बिचारा चाळीस मिनिटांपासून नाही पण मेल्यापासून तिथेच गरागरा फिरत होता. चकलीच.

हे होतं कसं ते कागदावर काढलं. टास्कला सेमाफोरवर (कोणीतरी इशारा देईपर्यंत टास्कला थांबवून ठेवणारी सोय) थांबायचंय. मी आधी त्याची अवस्था ‘थांबलेला’ अशी लिहितो, आणि पुढच्या दोन-चार इन्स्ट्रक्शनमध्ये त्याला रेडी लिस्टमधून काढतो. या दोघांच्या मधल्या फटीत यूआर्टचा इंटरप्ट आला तर आयएसआर बघतो की अरे हा थांबलाय, याला उठवू, आणि त्याला लिस्टच्या डोक्यावर घालतो, जिथे तो अजून बसलेलाच आहे. डोक्यावरच्यालाच परत डोक्यावर घातलं, त्यामुळे त्याचा पुढचा तोच. फट काही नॅनोसेकंदांची, तिच्यात नेमका बाईट यायला चाळीस मिनिटं लागायची.

पण हे होणार हे मला आधीच माहिती होतं ना! म्हणून तर मी तिथे क्रिटिकल सेक्शन (एवढा कोड संपेपर्यंत इंटरप्टने मधे यायचं नाही) लावला होता. सगळे इंटरप्ट बंद करायचे नाहीत म्हणून प्रायमास्क न वापरता शहाण्यासारखा बेसप्राय वापरला होता, त्यात ५ लिहिलं की ५ आणि त्याहून मोठ्या आकड्याचे सगळे इंटरप्ट थोपतात (इथे आकडा लहान तितका मान मोठा, उलटं असतं), यूआर्टला प्रायॉरिटी ६, म्हणजे तो थोपायलाच पाहिजे. कोड दहा वेळा वाचला. बरोबर. मित्राला दाखवला, तो म्हणला बरोबर. कंपायलरवर संशय घेतला, ऑप्टिमायझेशन बंद केलं, मग तर दीड-दीड तास चालायला लागला, म्हणजे अजूनच वैताग. शेवटी आधी मरण लवकर आणायचं ठरवलं, यूआर्टचा स्पीड ९,२१,६०० केला आणि लॅपटॉपवरून न थांबता बाईटचा मारा सुरू केला, आता चाळीस मिनिटांऐवजी मिनिटभरात मरायला लागला. बग सापडत नसेल तर निदान त्याला घाईला आणा, त्या महिन्यात मी शिकलेली ही एकच कामाची गोष्ट.

मग क्रिटिकल सेक्शनच्या आत ब्रेकपॉइंट टाकला आणि सगळी रजिस्टर छापली. बेसप्राय शून्य.

मी लिहिलं ५, वाचलं ०. रात्रीचे पावणेदोन. परत लिहिलं ५, परत ०.

झोल असा, की प्रायॉरिटीचं खातं आठ बिटांचं असतं पण एसटीने (चिप बनवणारी कंपनी) या चिपमध्ये त्यातले वरचे चारच बिट खरे दिलेत, खालचे चार लिहिले काय न लिहिले काय, शून्यच. ५ हा आकडा सगळा खालच्या चार बिटांत मावतो. म्हणजे मी दर वेळी बेसप्रायमध्ये शून्य लिहीत होतो, आणि बेसप्राय शून्य म्हणजे ‘काहीच थोपवू नको’. ५ ला चार बिट डावीकडे सरकवून लिहायला पाहिजे होतं, म्हणजे ८०. आता मजा बघा, यूआर्टची प्रायॉरिटी ठेवायला मी आर्मच्या (कॉर्टेक्स ज्यांचा, ती कंपनी) हेडरमधलं तयार फंक्शन वापरलेलं, ते हे सरकवायचं काम आतल्या आत करतं, तिथे ६ म्हणलं की ६. बेसप्रायचं फंक्शन त्याच हेडरमधलं, पण ते सरकवत नाही, दिलं तसं ठोकतं. एकाच घरातले दोन भाऊ आणि एक हिशोब रुपयात सांगतो, दुसरा पैशात. नऊ रात्री मी क्रिटिकल सेक्शन म्हणून जे वापरत होतो तो दाराला लावलेला पडदा होता, कडी नव्हतीच.

सरकवून लिहिलं, बाईटचा मारा रात्रभर चालू ठेवला, सकाळी एलईडी टुकटुक करत होता. मी चहा केला आणि त्याच्यासमोर बसून प्यायलो.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण आता डोक्यात किडा शिरला होता. क्रिटिकल सेक्शन लावला की तेवढा वेळ यूआर्ट थोपतो. किती वेळ, ते मोजलं. क्रिटिकल सेक्शनमध्ये शिरताना पिन वर, निघताना खाली, अॅनालायझरवर बघायचं. झोपलेल्या टास्कची लिस्ट चाळताना टास्क वाढतील तसा तो पल्स लांबत जातो. १२ सायकल म्हणजे १६७ नॅनोसेकंद, असं मी मगाशी कौतुकाने सांगितलं, पण तो सगळ्यात चांगला दिवस असतो (शिवाय ७२ मेगाहर्ट्झला ही फ्लॅश दोन वेट स्टेट (थांबायच्या सायकल) खाते ते वेगळंच). रिअल टाइममध्ये विचारायचं ते सगळ्यात वाईट दिवसाबद्दल, आणि माझा वाईट दिवस माझ्याच लिस्टमुळे येत होता.

म्हणून रचनाच बदलली. रेडी लिस्टला हात लावायचा अधिकार आयएसआरकडून काढूनच घेतला. टास्कला कर्नलकडून (ओएसच्या गाभ्याकडून) काही हवं असेल तर त्याने एसव्हीसी (कोडमधूनच मुद्दाम आणलेला एक्सेप्शन) मारायचा, आणि एसव्हीसी, सिसटिक, पेंडएसव्ही या तिघांनाही एकच प्रायॉरिटी, सगळ्यात खालची. एकाच पायरीवरचे एकमेकांच्या डोक्यावर चढू शकत नाहीत, एकाचं झालं की दुसरा. म्हणजे लिस्टला हात लावणारे तिघेच, आणि ते आपोआप रांगेत, कडी लावायची गरजच नाही, इंटरप्ट बंद करायची एक ओळ सुद्धा लिस्टच्या कोडमध्ये उरली नाही. आणि आयएसआरने काय करायचं, तर बाईट रिंग बफरमध्ये (गोल फिरणारी साठवण) टाकायचा, ‘यूआर्टचं काहीतरी आलंय’ असा एक बिट लावायचा, पेंडएसव्हीला हाक मारून ठेवायची आणि निघायचं. बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही. आर्मच्या आरटीएक्स या ओएसमध्ये पण साधारण हीच पद्धत आहे, आयएसआर चिठ्ठी टाकतो आणि पेंडएसव्ही नंतर ती सोडवतो, हे मी माझं लिहून झाल्यावर वाचलं, थोडं वाईट वाटलं आणि थोडं भारी वाटलं.

तो बिट लावणं पण दिसतं तितकं सरळ नाही. वर्ड (बिटांचा गठ्ठा) वाच, बिट जोड, परत लिही, या तीन पायऱ्या, मधेच वरच्या प्रायॉरिटीचा आयएसआर येऊन त्याचा बिट लावून गेला तर परत आल्यावर मी जुनाच वर्ड लिहिणार आणि त्याचा बिट पुसणार. एम३ मध्ये यावर छान सोय आहे, बिट बँडिंग. रॅमच्या एका भागातल्या प्रत्येक बिटाला स्वतःचा वेगळा पत्ता असतो, तिथे १ लिहिलं की तेवढाच बिट लागतो, शेजाऱ्याला धक्का नाही. पेंडएसव्हीमध्ये आधी बिट पुसायचा आणि मग काम करायचं, उलटं केलं तर कामाच्या शेवटी शेवटी आलेली चिठ्ठी पुसली जाते. आणि पाच वेळा हाक मारली तरी पेंडएसव्ही एकदाच येतो, त्यामुळे टास्कने एक बाईट घेऊन झोपायचं नाही, बफर रिकामा होईपर्यंत उपसायचं.

आणि ग्लासाचं उत्तर इथे मिळालं. सवयीने मी एका आयएसआरमध्ये सेमाफोरचं साधं फंक्शन बोलवलं, त्याच्या आत एसव्हीसी, आणि आयएसआर वरच्या पायरीवर, एसव्हीसी खालच्या. एसव्हीसी ‘आत्ताच्या आत्ता’ व्हायला लागतो, थांबता येत नाही, पण पायरी खाली म्हणून चढता पण येत नाही. हार्डफॉल्ट. साध्या फंक्शनची समजूत अशी की मला बोलवणारा थांबू शकतो, झोपू शकतो. आयएसआर झोपू शकत नाही, तो कोणाचा टास्कच नाही. म्हणून त्याला वेगळं फंक्शन, जे नुसती चिठ्ठी टाकतं. फ्रीआरटीओएस आतून वेगळ्या पद्धतीने करतं पण कारण हेच. आता तो पोरगा परत भेटला पाहिजे, तो दुसरीकडे जॉईन झाला.

एक छोटं राहिलं, टायमरचा फ्लॅग (‘माझी वेळ झाली’ सांगणारा बिट). आयएसआरच्या शेवटच्या ओळीत पुसला तर लिहिलेलं टायमरपर्यंत पोचायच्या आत प्रोसेसर बाहेर पडतो, एनव्हीआयसीला (चिपमधला इंटरप्ट सांभाळणारा भाग) फ्लॅग अजून लागलेला दिसतो आणि आयएसआर परत येतो. सेकंदाला १००० मोजायला पाहिजेत तिथे २००० मोजले जात होते, अॅनालायझरवर प्रत्येक पल्सला चिकटून एक जुळा भाऊ. फ्लॅग पहिल्या ओळीत पुसा, विषय संपला.

मग शनिवारी साताऱ्याला जाऊन बसवलं. गच्चीवरच्या फ्लोटपासून बोर्डापर्यंत पंधराएक मीटर वायर, पिनला आतला पुल-अप (पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर), जो या चिपमध्ये जेमतेम ४० किलोओहमच्या आसपास असतो, म्हणजे ती वायर नव्हे अँटेनाच. मोटर चालू झाली, टाकी भरली, फ्लोट उचलला, रिलेने स्टार्टर पाडला, स्टार्टरच्या ठिणगीने वायरवर काटे आले, काट्यांमुळे एक्स्टर्नल इंटरप्टचा पाऊस, टास्कला वाटलं टाकी रिकामी, स्टार्टर परत ओढला, परत काटे, टाकी भरली, पाडला, ओढला, पाडला. खटखटखटखट. माझी ओएस प्रत्येक इंटरप्टला इमानदारीने आणि वेळेत उत्तर देत होती. बाबांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि माझ्याकडे जसं बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

यावर उपाय, आयएसआरने पहिलं काम स्वतःचीच लाईन मास्क (बंद) करायची, एकच चिठ्ठी टाकायची, टास्कने ५० मिलिसेकंद झोपून मग शांतपणे पिन वाचायची, नंतर लाईन परत उघडायची आणि उघडल्यावर अजून एकदा वाचायची, नाहीतर मधल्या वेळातला खरा बदल हुकतो. शिवाय बोर्डापाशी ४.७ किलोओहमचा बाहेरचा पुल-अप, आणि १० किलोओहम व ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्टर. आणि एकदा मोटर बंद केली की तीन मिनिटं काहीही झालं तरी चालू करायची नाही, हे बाबांच्या सांगण्यावरून, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

आज तेवीस दिवस झाले, रीसेट नाही, मेसेज वेळेवर येतायत. आईचा मात्र अजून विश्वास बसलेला नाही. टाकी भरायची वेळ झाली की ती दर पाच मिनिटांनी मागच्या दारात जाऊन ओव्हरफ्लोच्या पाईपाला कान देते. इंटरप्ट जोडून दिलाय तरी पोलिंग चालूच.